ध्वनिस्नान: तिबेटचा वाडगा, वास्कोचा सप्ताह आणि बांबोळीची वाट

आजचा भाग आवाजाबद्दल आहे, त्यामुळे जमलं तर हेडफोन लावून ऐका. जे ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांच्यासाठी नेहमीसारखा सगळा मजकूर इथे दिलाय. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं’ तेवढे गाळलेत.

(वाडग्यावर हलका ठोका. आवाज हळूहळू विरतो.)

हा आवाज ओळखलात? इन्स्टाग्रामवर ऐकला असेल. समुद्रकिनारा, संध्याकाळ, चटईवर डोळे मिटून आडवी झालेली पंधरा-वीस माणसं आणि मधे पितळेसारखे दिसणारे वाडगे घेऊन बसलेलं कुणीतरी. याला म्हणतात साउंड बाथ. मराठीत ध्वनिस्नान म्हणूया. पाणी नाही, साबण नाही, तासभर आवाजात पडून राहायचं. तेरेखोलच्या खाडीपलीकडे, हरमल, मांद्रे, आश्वे या गोव्याच्या किनाऱ्यावर हे बरीच वर्षं चालतं. खाडीच्या अलीकडे आपला सिंधुदुर्ग. रेडी, शिरोडा, वेंगुर्ला, मग वर मालवण. १९९७ साली हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. गोव्यात जे विकलं जातं ते आज ना उद्या इकडे येतंच, हे मालवणच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

जाहिरातीत दोन वाक्यं हमखास असतात. पहिलं, ‘हजारो वर्षांची तिबेटी परंपरा’. दुसरं, ‘शरीर आणि मन बरं करणारा आवाज’. पहिलं वाक्य इतिहासाचं आहे, दुसरं आरोग्याचं. आज ही दोन्ही वाक्यं तपासायची. आणि तपासता तपासता आपल्याच किनाऱ्यावर लोक आवाजाकडे काय मागायचे, आणि त्यांना काय मिळायचं, तेही बघायचं.

वाडगा आला कुठून?

आधी वाडगा. इंग्रजीत याला सिंगिंग बोल म्हणतात, म्हणजे गाणारा वाडगा. हे वाडगे नेपाळ, तिबेट आणि उत्तर भारताच्या पट्ट्यात बनायचे. खरे आहेत, जुनेही आहेत. पण त्यातले बहुतेक होते जेवणाखाण्याचे, धान्य ठेवायचे. तिबेटी बौद्ध पूजेत घंटा आहे, झांजा आहेत, लांबच लांब कर्णे आहेत, ढोल आहेत. पण माणसाला आडवं पाडून त्याच्याभोवती वाडगे वाजवून उपचार करायचे, अशी तिबेटची परंपरा अभ्यासकांना सापडलेली नाही.

मग ही गोष्ट सुरू कधी झाली? १९५९ साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागे हजारो तिबेटी माणसं घरदार सोडून भारतात आणि नेपाळात आली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत युरोप-अमेरिकेतली हिप्पी मंडळी जमिनीच्या रस्त्यानं काठमांडूला पोचत होती. तिथल्या बाजारात हे वाडगे त्यांच्या हाती लागले. १९७२ साली हेन्री वोल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज या दोघांनी ‘टिबेटन बेल्स’ नावाची रेकॉर्ड काढली. घंटा आणि वाडगे यांचे आवाज होते तिच्यात. पश्चिमेकडच्या लोकांच्या कानावर हा आवाज पडला तो मुख्यतः तिथून. आणि ‘तिबेटी’ हे नाव त्याला चिकटलं ते कायमचं. हिप्पींच्या त्या वाटेचं एक टोक काठमांडू होतं, दुसरं होतं कळंगूट आणि हणजूणचा किनारा. म्हणजे वाडगा गोव्यात आला तो लामांच्या मठातून थेट आलेला नाही, मधे बरीच वळणं आहेत.

आता ‘बाथ’. हा शब्द लोकप्रिय करणाऱ्या जागांपैकी एक आहे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात. तिचं नाव इंटिग्रेट्रॉन. जॉर्ज व्हॅन टॅसेल नावाचा विमानांच्या धंद्यातला मेकॅनिक होता. शुक्रावरून आलेल्या पाहुण्यानं आपल्याला तरुण राहण्याचं यंत्र कसं बांधायचं ते सांगितलं, असं तो म्हणायचा. १९५० च्या दशकात त्यानं लाकडी घुमट बांधायला घेतला. १९७८ साली तो वारला. यंत्र काही पूर्ण झालं नाही, पण घुमटात आवाज फार सुंदर घुमतो. पुढे नव्या मालकांनी तिथे साउंड बाथ सुरू केले. तिथे वाजतात ते वाडगे धातूचे नाहीत, क्वार्ट्झचे आहेत. असली क्वार्ट्झची भांडी मुळात कारखान्यात सिलिकॉन वितळवायला बनवली जायची. तेच सिलिकॉन, ज्याची चिप तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे.

तर हजारो वर्षांच्या परंपरेचं वय निघालं साधारण पन्नास. म्हणून ती खोटी ठरते का? आवाज खोटा नाही, गोंडस वाटतो तोही खोटा नाही. फक्त वयाचा दाखला खोटा आहे.

काशाचं ताट

बरं, हा धातू आपल्या ओळखीचा आहे. कासं! तांब्यात साधारण पाचवा हिस्सा कथील घातलं की कासं होतं. आजीच्या घरी काशाचं ताट असेल तर त्याच्या काठावर बोटाची टिचकी मारून बघा. आवाज रेंगाळतो. खरं कासं ओळखायची हीच जुनी परीक्षा. भांडं बद्द वाजलं की समजायचं, कुठेतरी तडा आहे. भजनातले टाळ, आरतीतल्या झांजा, देवळाची घंटा, हे सगळे याच धातूचे भाऊबंद.

कथिलाचं प्रमाण एवढं जास्त असलं की धातू कडक होतो, ठिसूळही होतो. थंड असताना ठोकला तर फुटतो, म्हणून कासार तो तापवून ठोकतात. आणि कडकपणामुळेच तो वाजतो. मऊ धातू थरथर गिळून टाकतो, कासं ती धरून ठेवतं.

साउंड बाथमध्ये आवाज हेलकावे खातो असं वाटतं, बरोबर? त्यात जादू नाही. हातानं ठोकलेला वाडगा कधीच शंभर टक्के गोल नसतो. त्यामुळे त्यातून दोन अगदी जवळजवळचे स्वर एकदम निघतात. समजा एक सेकंदाला २०० वेळा थरथरतोय आणि दुसरा २०३ वेळा. दोन्ही मिसळले की सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात. पाळण्यात झुलल्यासारखं वाटतं ते यामुळे. कासाराच्या हातोडीची थोडी ‘चूक’ आपल्या कानाला गोड लागते.

आपल्याकडे काशाच्या वाटीचा अजून एक उपयोग होता आणि आहे. तळपायाला तूप किंवा तेल लावायचं आणि काशाच्या वाटीनं घासायचं. कोकणात भेगांना लावायला कोकमतेल असतंच. दिवसभर उभं राहून थकलेली बाई रात्री वाटी घेऊन बसायची, बरं वाटायचं, झोप लागायची. पण ती याला ‘हीलिंग’ म्हणत नव्हती. ती म्हणायची, पाय हलके झाले. हा शब्दांतला फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घंटा तीच, देऊळ दुसरं

वस्तू तीच राहते आणि तिची गोष्ट बदलते, हे महाराष्ट्रानं आधीही पाहिलंय. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांनी उत्तर कोकणात पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम चालवली. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला. तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठे सरदारांनी नेल्या. नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या देवळात गेलात तर दर्शनी बाजूला मोठी घंटा दिसेल, तिच्यावर १७२१ साल कोरलंय. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या गावात घाटावर एक आहे, तिच्यावर १७०७.

चर्चसाठी ओतलेल्या घंटा, येशूची प्रार्थना सांगण्यासाठी टांगलेल्या. आज त्या महादेवाच्या दारात आहेत. त्या वाजल्यावर कुणाला परक्या वाटत नाहीत. धातूला धर्म कळत नाही, ऐकणाऱ्याला कळतो. नेपाळचा भाताचा वाडगा कॅलिफोर्नियात औषध होतो, तेव्हा घडतं ते हेच. त्यामुळे साउंड बाथवर ‘आमचं चोरलं’ म्हणून चिडण्यातही अर्थ नाही आणि ‘प्राचीन’ म्हणून पाया पडण्यातही नाही.

देवगिरीचा हिशेबनीस

आवाज आणि शरीर यांचा संबंध जोडणारं खरोखर जुनं काही हवं असेल तर त्यासाठी तिबेटला जायला नको. संभाजीनगरजवळचा दौलताबादचा किल्ला माहितीय ना? तीच यादवांची देवगिरी. तेराव्या शतकात राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. काम हिशेबाचं. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. घरात वैद्यक होतं, शार्ङ्गदेव स्वतः रोग्यांना औषध द्यायचा. आणि त्यानं लिहिलं ‘संगीतरत्नाकर’, भारतीय संगीतावरच्या सगळ्यात मोठ्या ग्रंथांपैकी एक. हिंदुस्तानी आणि कर्नाटक, दोन्ही बाजूंचे गायक त्याला मानतात.

या ग्रंथात सुरांकडे येण्याआधी शार्ङ्गदेव काय सांगतो? गर्भ कसा तयार होतो, शरीराचे भाग कोणते, नाड्या किती. गाण्याच्या पुस्तकात शरीराचा धडा! कारण त्याच्या मते नाद शरीरातूनच उठतो, आतला वारा आणि आतला अग्नी यांच्यातून, आणि हृदय, कंठ, मस्तक या तीन ठिकाणी वेगवेगळा होतो. आजच्या शरीरशास्त्राशी हे जुळत नाही, आणि जुळायची सक्तीही नाही. तो सातशे-आठशे वर्षांपूर्वीचा माणूस होता.

पण एक गोष्ट बघा. हा माणूस वैद्यही होता आणि संगीतकारही. त्यानं दोन्ही कामं केली. गाण्याचं मोल त्यानं मोठं सांगितलं, पण त्यासाठी औषधाची पेटी बंद केली नाही.

जत्रेची रात्र

आता मालवणच्या बाजूला येऊ. इथे आवाजात बुडून राहण्याची सवय जुनीच आहे, फक्त तिला तिकीट नव्हतं.

देवळात गाऱ्हाणं घालतात ते ऐकलंय? गावाचा मानकरी देवासमोर उभा राहून गावाचं सगळं मागणं एका लयीत मांडतो. कुणाचं आजारपण, कुणाची नोकरी, मुंबईला गेलेल्या लेकरांची खुशाली, वाटेतलं संकट. प्रत्येक मागण्यामागे सगळे एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ मानसोपचाराच्या भाषेत याला काय म्हणायचं ते म्हणा. पण आपलं दुखणं गावासमोर मोठ्यानं उच्चारलं जातंय आणि शंभर माणसं त्याला होकार भरतायत, हे ऐकल्यावर छातीवरचं ओझं थोडं कमी होतंच.

मग कार्तिकापासून जत्रा आणि दशावतार. रात्री उशिरा सुरू होणारा खेळ पहाटेपर्यंत चालतो. पेटी, मृदंग, झांज. संवाद लिहिलेले नसतात, नट जागच्या जागी रचतात. समोर घोंगड्यांवर, चटयांवर पोरं झोपलेली असतात. कुंभकर्णासारखी नाही हं, अर्धवट! झांजेच्या तालात झोपतात आणि राक्षस आला, लढाईचा ठेका सुरू झाला की उठून बसतात. सिंधुदुर्गात वाढलेल्या बऱ्याच जणांनी आयुष्यातला पहिला साउंड बाथ असा घेतलेला असतो. आईच्या मांडीवर.

आणि दसऱ्याला तरंग निघतात. लुगडी नेसवलेले देवाचे उंच खांब. ढोल, ताशे, सनई. ढोलाचा जोर चढतो तशी खांब धरणाऱ्याच्या अंगात थरथर येते, त्याला अवसर म्हणतात. लोक पुढे होऊन विचारतात, देव उत्तर देतो. इथे आवाज माणसाला शांत करत नाही, उलट चेतवतो. म्हणजे ‘आवाजानं विश्रांती मिळते’ हे अर्धंच खरं. कुठला आवाज, कुठला ठेका, कुणाबरोबर, कुठल्या विश्वासानं, यावर सगळं ठरतं.

हे तिन्ही प्रकार एकत्र ठेवले की एक गोष्ट दिसते. यातला कुठलाही आवाज एकट्या माणसासाठी नाही. गाऱ्हाण्यात होकार भरणारे हवेत, दशावतारात जागणारे हवेत, तरंगांपुढे चालणारे हवेत. आवाजाचा निम्मा गुण या सोबतीचा आहे.

साथ आली तेव्हा

इथून गोष्ट गंभीर होते. कारण लोकांनी आवाजाकडे फक्त विसावा मागितला नाही, जीवही मागितला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघड झाला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून पळाले. गिरण्यांमध्ये तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं भरपूर, आणि मालवण-वेंगुर्ला हे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. चाकरमानी गावाकडे निघाले. कोविडमध्ये २०२० च्या उन्हाळ्यात जे पाहिलंत, त्याचं सव्वाशे वर्षांपूर्वीचं रूप.

याच सुमाराला, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी, वास्कोत साथ पसरली. तिथे सांगितलं जातं ते असं: माणसं मरत होती, तेव्हा लोक जांबावलीच्या दामोदराला शरण गेले, तिथून नारळ आणला, वास्कोत ठेवला आणि अखंड भजन सुरू केलं. साथ ओसरली. तेव्हापासून दरवर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोच्या दामोदर देवळात चोवीस तास भजन चालतं. एक पथक उठलं की दुसरं बसतं, टाळ थांबत नाही. नाव सप्ताह, पण चालतो अहोरात्र एक दिवस. आपल्या जिल्ह्यातही गावोगावी हरिनाम सप्ताह होतात आणि वाडीवाडीला पहारे वाटून दिलेले असतात. पहाटे तीनचा पहारा कुणाच्या वाट्याला येतो यावरून वादही होतात.

आता हे नीट बघूया. भजनानं साथ गेली का? साथी येतात, चढतात आणि ओसरतात, त्यांच्या कारणांनी. प्लेगचा जंतू उंदरावरच्या पिसवेतून येतो आणि त्याला टाळ ऐकू येत नाही. पण म्हणून ते भजन वाया गेलं का? घरात मढं पडलंय, शेजारी दार उघडत नाही, अशा दिवसांत लोकांनी चोवीस तास एकमेकांचा आवाज ऐकला. ‘आपण अजून आहोत’ हे त्यातून कळलं. भीतीवर काम झालं, जंतूवर नाही.

जंतूवरचं काम दुसरीकडे सुरू होतं. वाल्देमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून प्लेगवरची लस बनवत होता. १० जानेवारी १८९७ ला त्यानं ती आधी स्वतःला टोचून घेतली. आज परळला हाफकिन संस्था आहे ती त्याच्याच नावाची.

एकाच साथीला दिलेली ही दोन उत्तरं. एकानं भीती हलकी केली, दुसऱ्यानं आजार अडवायची वाट काढली. दोन्हींची गरज होती. गडबड होते ती एकाला दुसऱ्याच्या जागी बसवलं की.

विंचू उतरवणं

ती गडबड किती महाग पडते याचं उदाहरण कोकणातच आहे. विंचू उतरवणं. विंचू चावला की मांत्रिकाकडे न्यायचं, तो पुटपुटत मंत्र म्हणणार, वेदना उतरणार. हाही आवाजाचाच उपचार. आणि तो बऱ्याचदा ‘लागू’ पडायचा, कारण बरेच विंचू जीवघेणे नसतात, वेदना काही तासांनी आपोआप कमी होते. श्रेय मंत्राला.

पण कोकणातला लाल विंचू वेगळा. त्याचं विष हृदयावर जातं. घाम, उलट्या, हातपाय गार, फुप्फुसात पाणी. लहान मुलं दगावायची. १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून प्रत्येक लक्षण टिपलं. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन नावाचं स्वस्त औषध त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी वापरून पाहिलं, आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लिहिलं. गंभीर रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस जात होते, तो आकडा एक-दोनांवर आला. २०२२ मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

या औषधाला एकच अट होती, वेळ. रुग्ण लवकर आला पाहिजे. मांत्रिकाच्या ओटीवर गेलेले दोन तास परत मिळत नाहीत. म्हणून महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे वेगळं लिहिलंय: साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. नीट ऐका, मंत्र म्हणणं हा गुन्हा नाही, अडवणं हा आहे.

बांबोळीची वाट

आता आजचं. मालवण, सावंतवाडी, दोडामार्गच्या माणसाला ‘बांबोळी’ म्हटलं की काय आठवतं? पणजीजवळचं गोवा मेडिकल कॉलेज. १८४२ साली पोर्तुगीजांनी पणजीत काढलेल्या वैद्यकीय शाळेचं आजचं रूप. डोक्याला मार लागला, हृदयाचा झटका आला, बाळंतपण अडलं की आपल्याकडे वाक्य ठरलेलं असतं: ‘बांबोळेक नेलो.’ जानेवारी २०१८ पासून गोव्यानं परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले होते. आपल्या जिल्ह्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते २०२१-२२ मध्ये.

म्हणजे बघा, एकाच रस्त्यानं दोन प्रकारची माणसं दक्षिणेला जातात. कुणी हरमलला वाडग्यांचा आवाज ऐकायला, कुणी बांबोळीला, मागे सायरनचा आवाज घेऊन. ज्या भागात मोठं हॉस्पिटल शंभरेक किलोमीटर लांब आहे, तिथे ‘आवाजानं बरं होतं’ हे वाक्य फार जपून बोलायला हवं. पुण्या-मुंबईच्या माणसानं रविवारी तासभर झोप काढली तर बिघडत काही नाही. पण छातीतल्या दुखण्याला, साखरेला, गाठीला कुणी ‘ऊर्जा अडकलीय’ म्हणालं आणि घरच्यांनी आठ दिवस थांबायचं ठरवलं, तर ते आठ दिवस म्हणजे मांत्रिकाच्या ओटीवरचे दोन तासच.

मग विज्ञान काय म्हणतं? २०१७ च्या सुमाराला अमेरिकेत झालेला एक अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. ६२ माणसांनी वाडग्यांचा आवाज ऐकला. आधी आणि नंतर त्यांचा मूड मोजला. ताण, राग, थकवा कमी झालेला दिसला. छान. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. तीच माणसं तासभर शांत खोलीत नुसती पडून राहिली असती तर? समुद्राची गाज ऐकत बसली असती तर? ते त्या अभ्यासातून कळत नाही. आणि मूड सुधारणं म्हणजे रोग बरा होणं नव्हे.

म्हणून जायचं असेल तर खुशाल जा. मी जाऊ नका म्हणत नाहीये. तासभर फोन बंद ठेवून आडवं पडणं ही आपल्यापैकी कितीतरी जणांना आजकाल न परवडणारी चैन झालीय. पैसे भरण्याआधी फक्त तीन गोष्टी विचारा. एक, हे विश्रांतीसाठी आहे की रोगासाठी? ‘रोगासाठी’ असं उत्तर आलं की उठा. दोन, चालू असलेली औषधं थांबवायला सांगता का? ‘हो’ म्हणाले की तिथून निघाच. तीन, आवाज किती मोठा असेल? फिट्स येत असतील, पेसमेकर असेल, गरोदर असाल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. कर्करोग, मधुमेह अशा आजारांवर मंत्र-ताईतासारखे चमत्कारी उपाय जाहिरातीत सांगायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, हेही माहीत असू द्या.

काशाच्या वाटीनं पाय घासणारी ती बाई आठवते? ‘पाय हलके झाले’ म्हणाली होती. ‘आजार गेला’ म्हणाली नव्हती. तिच्याकडे पदवी नव्हती, पण शब्द अचूक होता. साउंड बाथला तेवढाच शब्द द्या. हलकं वाटतं. बस्स.

जाता जाता एक काम. तुमच्या गावच्या सप्ताहाला, जत्रेला, गाऱ्हाण्याला या वर्षी जाल तेव्हा मानकऱ्यांना विचारून पाच मिनिटं फोनवर आवाज रेकॉर्ड करा. व्हिडिओ नको, नुसता आवाज. गावाचं नाव, तारीख आणि टाळ कुणाच्या हातात होते ते बोलून ठेवा. पहाटे तीनच्या पहाऱ्याला बसणारी माणसं दरवर्षी कमी होतायत. आणि टाळ खाली ठेवायचा नसेल तर पुढच्या पहाऱ्याला कुणीतरी यावंच लागतं.

रेकॉर्डिंग आम्हाला पाठवलंत तर पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या, ऐकत राहा. येवा, कोकण आपलाच आसा!